गिअर आहे, पण खटका नाही

अगं, मावसभाऊ पुण्याहून त्याची जुनी सायकल पाठवतोय आणि तू फोटोत मागच्या चाकातला तो जाडजूड डबा बघूनच घाबरलीस होय? नुविंची एन ३६० म्हणतात त्याला. नाव भारी, काम सोपं. उजव्या मुठीजवळची कडी पिळायची, बस्स. कडीवर चिमुकला सायकलस्वार आहे बघ. पिळलं की त्याच्या पायाखालची सपाट रेघ फुगून टेकडी होते. टेकडी म्हणजे पेडल हलकं, सपाट म्हणजे जड. मधे कुठेही थांब, एक-दोन-तीन आकडेच नाहीत. ऐन चढावर नेमका उलटा गिअर टाकून सायकल ढकलत नेणाऱ्या माझ्यासारखीला असं काही तेव्हा मिळायला हवं होतं!

आत दोन तबकड्यांच्या मधे पोलादी गोळे फिरतात. कडी पिळलीस की गोळ्यांचे आस कलतात. मग एका तबकडीला गोळ्याचा मोठा घेर लागतो, दुसरीला लहान, आणि वेग बदलतो. मागच्या दातेरी चक्राच्या एका फेऱ्यात चाक हलक्या टोकाला अर्धाच फेरा घेतं, जड टोकाला १.८. तुझ्या आईच्या स्कुटीचंही तत्त्व हेच गं. फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने १९८४ साली आपल्याकडे बिनागिअरची सवय लावली ती पट्टा-पुलीवर. तिथे इंजिनाच्या वेगाप्रमाणे आपोआप बदलतं, इथे तू ठरवायचं.

खरं सांगू का, जालना शहरापुरतं बघितलं तर साधी सायकलही पुरली असती. हा डबा एकटाच जवळजवळ अडीच किलोचा, जिन्यावरून चढवताना कळेल. पण उन्हाळ्यातलं समोरचं वारं किंवा भोकरदनकडचे चढ आले की बरं वाटेल. शिवाय पावसाळ्यात काळी माती उघड्या गिअरांत जशी गच्च बसते, तशी इथे आत शिरत नाही. चेन एकाच रेषेत राहते, म्हणून चेनकव्हर लावून घे, ओढणी अडकायची नाही.

पंक्चरची काळजी करतेस ना? चाक काढूच देऊ नकोस. टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर ओढायची, पंक्चरवाल्या काकांना ते रोजचंच आहे. टायर बदलायचा झाला तर मात्र चाक काढावं लागेल. तेव्हा आधी दोन्ही केबलींचा फोटो काढून ठेव, कुठली कुठे होती ते नंतर आठवत नाही. आणि हौसेने डबा कुणी उघडायला लागलं तर सरळ हात धर! आतलं तेल खास असतं, गोळे तबकड्यांवर घसरू नयेत म्हणून. आपलं मशीनचं तेल त्यात चालत नाही.

चढ सुरू व्हायच्या आधीच कडी पिळून घे, पायाचा जोर जरा सैल सोडून. ऐन जोरात पिळायला गेलीस तर कडी जड लागते. पहिले काही दिवस मोंढ्याच्या गर्दीत नको, मोतीबागेकडे सकाळी लवकर जा. आणि सीटची उंची आधी नीट करून घे, भाऊ तुझ्यापेक्षा हातभर उंच आहे.