मोटारसायकलचे शॉकॲब्सॉर्बर : महामार्ग आणि गाडीवाट

आदिलाबादहून गुडीहतनूरपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मोटारसायकलची परीक्षा होत नाही. इंद्रवेल्लीकडे वळून काळ्या मातीतील गाडीवाट धरली, की ती होते. पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेसाठी मी केसलापूरला निघालो, तेव्हा मागे मित्र होता आणि ज्वारीचे पोते होते. मागचे शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटू लागले. धक्के बसतात म्हणून मी ते आणखी मऊ केले, आणि तेथेच चुकलो.

स्प्लेंडरसारख्या गाडीला मागे पाच खाचांचे कडे असते. ते फिरवले की स्प्रिंग कडक होते, असे आपण म्हणतो. हूकचा नियम तसे म्हणत नाही. समजा, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागते. ती आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली, तर २०० न्यूटनपर्यंत ती हलणार नाही. पुढे मात्र प्रत्येक मिलिमीटरला २० न्यूटनच लागतील. बदलते ती फक्त गाडी बसण्याची उंची.

म्हणून खाच रस्ता पाहून नव्हे, ओझे पाहून ठरवावी. मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सीटपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, मग सर्वांनी बसून पुन्हा मोजावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश असावा. कमी असेल तर चाक खड्ड्यात उतरत नाही व पकड सुटते. जास्त असेल तर गाडी आपटते. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी, हे सांगणे नकोच.

त्या रात्री परतताना मागून दबलेल्या गाडीचा दिवा रस्ता सोडून सागाच्या शेंड्यांवर पडत होता. इंद्रवेल्लीत हुक पाना मागून घेतला आणि कडे तीन खाचा चढवले, तेव्हा कोठे रस्ता दिसला.