एजंटला पैसे देण्याआधी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. नीटच्या निकालापासून तू धड जेवत नाहीस, आणि कुणी एजंट परदेशातल्या कॉलेजचं माहितीपत्रक देऊन गेलाय, असं म्हणाली. म्हणून हे पत्र.

परदेशी शिकण्याला माझा विरोध नाही. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेतच डॉक्टर झाल्या. पण तुला प्रॅक्टिस इथे करायचीय ना? मग परदेशी वैद्यकीय पदवीबद्दलचे 2021चे नियम वाच. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा. त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप हवी. त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. परतल्यावर परदेशी पदवीधरांच्या एफएमजीई या परीक्षेत 300 पैकी 150 गुण मिळवायचे, वर इथे पुन्हा 12 महिने इंटर्नशिप. एक अट हुकली तरी पदवी भिंतीवर राहते, नोंदणी होत नाही. माझ्या ओळखीचा एक हुशार मुलगा चौथ्यांदा ही परीक्षा देतोय. तिकडे वर्ग इंग्रजीतून होते, पण पेशंट स्थानिक भाषेत बोलायचे. सहा वर्षांत त्याला कुणाशी मनमोकळं दोन वाक्यंही बोलता आली नाहीत. पेशंटशी बोलल्याशिवाय निदान कसं शिकणार, मनू?

माझं ऐक, नीटची परीक्षा आणखी एकदा दे. एकदाच. 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे, तिथे तू पक्की आहेस. मार बसला तो भौतिकशास्त्रात. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तेव्हा अंदाजाने गोळे काळे करू नकोस. डोमिसाइल आणि बाकीचे दाखले आत्ताच काढून ठेव. सरकारी कॉलेजांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी कागदासाठी तहसीलला खेटे घालणारी मुलं मी पाहिलीत. बीएएमएसला जायचं तर आयुर्वेदाची ओढ असेल तरच जा.

सरकारी कॉलेजच्या वर्षभराच्या सेवेच्या बाँडला मात्र भिऊ नकोस. लाइट गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात मी पहिली डिलिव्हरी केली, ती त्याच वर्षी. आपण डॉक्टर झालो, हे मला तेव्हा पटलं.

सोमवारी इकडे निघून ये. आठवडाभर माझ्या ओपीडीत बस, बाळंतिणींच्या वॉर्डात फीर. आणि बाबांना सांग, तोवर एजंटला एक रुपयाही देऊ नका.

तुझी,
मावशी