जमीन घेताना : शहापूर-मुरबाडमधील सिलिंगचे वाद

भिवंडी, कल्याण, मुंब्रा येथील कित्येक व्यापारी आणि आखातातून परतलेले बांधव आपली बचत शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील शेतजमिनीत गुंतवतात. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि या भागाकडे ग्राहकांची नजर आणखी वळली. दर, रस्ता, पाणी यांची चौकशी सगळेच करतात. परंतु विकणाऱ्या घराण्याकडे पूर्वी एकूण किती जमीन होती, हे फार थोडे विचारतात. सिलिंगचे वाद नेमके इथूनच निघतात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून मर्यादा बरीच खाली आणण्यात आली. ठाणे जिल्ह्यात, हमखास पाणी नसलेल्या भातशेतीला ३६ एकर आणि कोरडवाहू जमिनीला ५४ एकर ही मर्यादा आहे. पती, पत्नी व अज्ञान मुले यांची जमीन एकत्र धरतात. माणसे पाचांहून जास्त असल्यास दरमाणशी एक-पंचमांश वाढ मिळते, मात्र दुपटीपलीकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दत्तात्रय गोविंद महाजन खटल्यात हा कायदा वैध ठरवला.

भात आणि वरकस दोन्ही असल्यास एक एकर भातजमीन म्हणजे दीड एकर कोरडवाहू. समजा, कोणाकडे २० एकर भात व ३० एकर वरकस आहे. हिशेब ६० एकरांचा होतो, म्हणजे ६ एकर जादा.

खरेदीदार कसा अडकतो?

२६ सप्टेंबर १९७० ते २ ऑक्टोबर १९७५ या काळात झालेली हस्तांतरे कायदा चुकवण्यासाठीच झाली, असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करावे लागते. समजा, एकाकडे ८० एकर कोरडवाहू होती व १९७२ मध्ये त्याने ७० एकर विकली. ती विकलेली जमीनही त्याच्याच खाती धरून २६ एकर जादा ठरते. त्याच्याजवळ उरलेली १० एकर आधी जाते आणि बाकीची १६ एकर खरेदीदारांच्या जमिनीतून काढली जाते. खरेदीदार स्वतः अल्पभूधारक असला तरी सुटका नाही. १९७५ नंतर तर मर्यादेपेक्षा जास्त जमीन असणाऱ्याला, जादा क्षेत्र ठरेपर्यंत जमीन विकण्याची मनाईच आहे.

हिबासुद्धा हस्तांतरणातच मोडतो. आपल्या वैयक्तिक कायद्यात तोंडी हिबा चालतो, पण त्या पाच वर्षांतला हिबा संशयातून सुटत नाही. मुलाला वडिलांच्या हयातीत जन्मसिद्ध हिस्साही नसतो. उलट वडील १९७५ पूर्वी वारले असतील तर मुले, मुली, विधवा यांचे हिस्से मृत्यूच्या क्षणीच वेगळे झाले, असे मांडता येते. पण ज्यांनी बहिणींची नावे वारसनोंदीत लावलीच नाहीत, ते हे कोणत्या कागदावरून दाखवणार? बहिणीचा हक्क दाबणारा इथे स्वतःचाच बचाव गमावतो.

वाटप झालेली जमीन

सरकारने जादा जमीन भूमिहीनांना वाटली. कलम २९ नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. दलाल मात्र साठेखत व कुलमुखत्यारपत्र करून, पूर्ण रक्कम घेऊन ताबा देतात. चौकशीत अशी जमीन सरकारजमा होऊ शकते. मग भूमिहीनाची जमीन जाते आणि खरेदीदाराचे पैसे.

बयाणा देण्यापूर्वी

१. चालू सातबाऱ्यावर थांबू नये. १९७० पासूनचे सर्व फेरफार काढावेत.

२. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात सिलिंगची नोंद असल्यास परवानगीचा मूळ आदेश पाहावा.

३. जुन्या मालकाचे इतर गावांतील खातेउतारे मिळवावेत. सिलिंगचे प्रकरण चालले होते का आणि त्यात काय निर्णय झाला, याची तहसील कचेरीत लेखी विचारणा करावी.

४. आदिवासी खातेदाराची जमीन, कुळकायद्याने मिळालेली जमीन आणि खरेदीदार स्वतः शेतकरी नसणे, या अडचणी वेगळ्या आहेत. त्यांची वकिलाकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

दस्त नोंदला म्हणजे मालकी निर्दोष ठरली, असे नाही. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याची ताकीद आहे. विक्रेत्यानेही मालातील दोष लपवू नये, ही इस्लामी व्यापाराची पहिली अट आहे. जमिनीवरचे सिलिंगचे प्रकरण हा असाच दोष आहे. तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि विचारणे घेणाऱ्याचे.