बोलक्या बाहुल्यांचा माग

दूरदर्शनच्या पडद्यावर आजवर कोणकोणत्या बाहुल्या पाहिल्या असे कोणालाही विचारावे. तो अर्धवटरावांचे नाव घेतो आणि थांबतो. मग लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससा आठवतो का, असे विचारले की चेहरा खुलतो. ससा सर्वांना आठवतो. तो कोणाच्या हातातला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वस्तुतः अर्धवटराव आणि तो ससा एकाच घरचे. दोघांचेही बोलविते धनी शब्दभ्रमकार रामदास पाध्ये. मग एकाचे नाव सर्वतोमुखी आणि दुसरा निनावी, असे का व्हावे? या प्रश्नाने मला गेले वर्षभर पछाडले आहे.

अर्धवटराव हे शंभरी ओलांडलेले गृहस्थ. रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांनी त्यांना रंगमंचावर आणले. १९६३ सालच्या ‘अकेली मत जाइयो’ या हिंदी चित्रपटातही ते दिसतात. पुढे रामदासांनी हा वारसा घेतला. ते शिक्षणाने यंत्र-अभियंता. बाहुलीच्या डोक्यातील तारा, कळा आणि स्प्रिंगा यांच्याशी त्या विद्येचा संबंध किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्या दशकात अर्धवटराव व त्यांच्या सौभाग्यवती आवडाबाई घरोघरी पोहोचल्या.

घरोघरी म्हणजे मुंबई-पुण्याकडे. आपल्याकडे नव्हे! माहिती गोळा करताना मला पहिली अडचण आली ती इथेच. भंडाऱ्यातील एका वयस्क गृहस्थांनी आपण अर्धवटरावांना “पंचाहत्तर साली, इथेच, टीव्हीवर” पाहिल्याचे छातीठोकपणे सांगितले. मुंबईच्या लहरी त्या काळी इथवर येतच नव्हत्या. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा १९७५-७६ चा प्रयोग झाला, परंतु त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. नागपूरचे प्रक्षेपण १९८२ च्या सुमाराचे. तेव्हा त्या गृहस्थांनी एक तर मुंबईच्या पाहुणचारात ते पाहिले असावे, किंवा नंतर केव्हातरी. आठवण खोटी नसते, तिचा पत्ता बदललेला असतो. म्हणून प्रत्येक आठवणीपुढे मी आता आधी एकच प्रश्न ठेवतो: त्या साली, त्या गावी चित्र दिसत होते का?

दुसरे साधन म्हणजे जुनी वृत्तपत्रे. त्यांत त्या दिवसाचे दूरदर्शनचे कार्यक्रम छापलेले असत. पण तिथे ‘किलबिल’ किंवा ‘गजरा’ एवढेच शब्द. आत कोण आले, कोणती बाहुली काय बोलली, याचा पत्ता नाही. शोधकाला कुलूप सापडते, किल्ली नाही.

आणि मूळ चित्रफिती? त्या काळी चित्रफीत ही महागडी वस्तू होती. कार्यक्रम झाला की तीच फीत पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची, ही जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांची रीत. अमेरिकेतही हेच घडले. जिम हेन्सन यांचा ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा बाहुल्यांचा कार्यक्रम १९५५ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेला कर्मिट हा बेडूक त्यातच जन्मला, आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून. त्या कार्यक्रमाचे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. मात्र हेन्सन यांनी त्याच काळात एका कॉफीसाठी केलेल्या चिमुकल्या जाहिराती पुष्कळ टिकल्या. कारण उघड आहे. जाहिरात फिल्मवर घेतली जाते, तिच्या प्रती निघतात आणि पैसे मोजणारा मालक ती जपून ठेवतो.

आपल्याकडेही तेच झाले असे माझे मत आहे. कार्यक्रमात निवेदिका बाहुलीचे आणि कलावंताचे नाव घेई. जाहिरातीत नाव फक्त मालाचे. ज्याला नाव होते त्याचे चित्र पुसले गेले आणि ज्याचे चित्र उरले त्याला नाव नाही. चित्रपटांचीही तीच गत. ‘महान’ (१९८३) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या हाती बोलकी बाहुली आहे, ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू आहे. त्यांच्यामागेही पाध्येच. प्रेक्षकांनी लक्षात ठेवले ते अमिताभना, आणि तात्या विंचूच्या भूमिकेसाठी दिलीप प्रभावळकरांना. हे योग्यच, पण अपुरे.

नाव नसेल तर ओळखायचे कसे? हात पाहून. अर्धवटराव हे मांडीवर बसणारे. त्यांचा खालचा जबडा वेगळा कापलेला असतो आणि पाठीतल्या कळीने तो उघडतो. ससा मऊ, कलावंताचा पंजाच त्याचे तोंड, आणि कलावंत चौकटीबाहेर. शिवाय कान द्यावा. शब्दभ्रमकार समोर बसून बोलतो तेव्हा त्याला ओठ हलवता येत नाहीत, आणि प, फ, ब, भ, म ही अक्षरे तर ओठांवाचून निघत नाहीत. तो ती जिभेने भागवतो. ‘ब’च्या जागी ‘द’कडे झुकणारा, ‘म’च्या जागी ‘न’कडे झुकणारा ध्वनी काढतो. चौकटीबाहेर दडलेल्या कलावंताला ही कसरत नको. एखादा जुना तुकडा हाती आला आणि बाहुलीचे ओष्ठ्य वर्ण किंचित बोथट वाटले, तर कलावंत तिच्या शेजारीच बसला आहे असे समजायला हरकत नाही. भाषाशास्त्राच्या तासाला शिकलेले वर्णस्थान असे कामी येईल, हे आमच्या सरांनाही वाटले नसेल.

असा एक तुकडा मला साकोलीला एका नातलगांच्या घरी मिळाला. लग्नाच्या कॅसेटवर आधी कोणी चित्रहार टिपून ठेवला होता. विदाई संपली, पडदा हिसकला, आणि अर्ध्या गाण्यामागून ससा आला. जेमतेम काही सेकंद. सारे घर हसले. नवरी आता आजी झाली आहे, तीही.

आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या अशा कॅसेटी लोखंडी कपाटांतून शेकड्यांनी पडून असतील. पावसाळी दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरते आणि मग यंत्रात घालताच ती तुटते. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी भंगारवाल्याला देण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कळवावे. बुरशी दिसली तर कॅसेट लावून पाहू नये, तशीच आणावी. लग्न संपल्यावर उरलेली फीत तर मुळीच पुसू नये.