गेम येईल तेव्हा येईल

बेळगावच्या खडेबाजारात नवा गेम पोचण्याआधी त्याचा माल पोचतो. बोटांवर चढवायच्या जाळीच्या टोप्या, मोबाइलच्या कडेला अडकवायचे ट्रिगर, पाठीवर बसवायचा इवलासा पंखा, घामानं बोट अडकू नये म्हणून मॅट गार्ड. गेम तिकडे पुण्यात किंवा बेंगळुरात अर्धामुर्धा पडलेला असतो, तारीख बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसते, आणि इकडे त्याच्या नावानं टोप्यांची पाकिटं संपलेली असतात. मोबाइल दुरुस्ती आणि असल्या सामानाचं माझं छोटं दुकान आहे. तेव्हा या उत्साहावर माझंही पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो. रात्री शटर ओढलं की मीही खेळतो. स्क्वॉडमध्ये एक शहापूरचा, एक कॅम्पातला, एक हिंडलग्याचा. माईकवर मराठी, कन्नड आणि दखनी एकदमच चालतात; शत्रू कुठं आहे हे ज्या भाषेत आधी सुचेल त्या भाषेत ओरडायचं.

काउंटरच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हा प्रकार पाहिल्यामुळे चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलेल्या गोळीबाराच्या गेमपायी लोकांचे पैसे नेमके कुठं जातात, ते मी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यांच्या उघडलेल्या मोबाइलमध्ये पाहिलंय.

सुरुवात 2020 पासून करावी लागते. 2 सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षयकुमारनं ‘फौजी’ची घोषणा केली. बेंगळुरूच्या एनकोर गेम्सचा हा खेळ 26 जानेवारी 2021 ला आला. चौघाचौघांचे गट करून बसलेल्या पोरांनी उघडून पाहिला, तर आत गलवानची एकट्यानं खेळायची मोहीम. गटागटांची लढत नंतर, त्या वर्षाच्या मध्याला आली. “एकट्यानंच मारामारी करायची तर आमच्या गल्लीत काय कमी हाय?” असं एकजण माझ्या काउंटरवर म्हणाला होता. मग पबजीचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, 2 जुलै 2021 ला आला, 28 जुलै 2022 ला स्टोअरवरून गेला आणि 2023 च्या मे महिन्यात परतला. त्याच वर्षी फ्री फायर इंडिया 5 सप्टेंबरला येणार म्हणून धोनीला घेऊन जाहिरात झाली आणि ऐन वेळी तारीख पुढं ढकलली गेली. एवढं सगळं पाहिलेला माणूस तारखेवर विश्वास ठेवणार नाही असं वाटतं ना? तरी ठेवतो. “मामा, येऊलाय की पुढच्या महिन्यात, ग्रुपवर आलंय!” हे वाक्य माझ्या दुकानात कधी जुनं झालंच नाही.

आपल्या मराठी मुलखातलं यातलं मोठं उदाहरण म्हणजे पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’. याआधी त्यांचा मास्कगन चांगला चालला होता. इंडसची घोषणा 2022 ची, प्ले स्टोअरवर नावनोंदणी 2023 च्या जानेवारीत, त्यानंतर निवडक लोकांसाठी बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, आणि सगळ्यांसाठी गेम आला 16 ऑक्टोबर 2024 ला. नावनोंदणी तोवर एक कोटीच्या पुढं गेली होती. विरलोक नावाचं बेट, भविष्यातला पण आपल्याकडचा वाटावा असा देखावा, आणि कॉस्मियम नावाचं द्रव्य हाती लागलं तर शेवटचा माणूस न उरताही जिंकता येतं, ही कल्पना मला आवडली. इतक्या वर्षांचा उशीर म्हणून कंपनीला शिव्या घालणारे पुष्कळ भेटले. मी त्यांच्यातला नाही. साठ-सत्तर माणसं एका बेटावर एकाच वेळी पळवणं हे सहसा झटपट जमत नाही. डेझी नावाचा परदेशी गेम 2013 च्या डिसेंबरात कच्चा विकायला काढला आणि पुरा झाला म्हणून जाहीर केला 2018 च्या डिसेंबरात. एस्केप फ्रॉम टारकोव्हचा बीटा 2017 ला सुरू झाला आणि त्याची 1.0 आवृत्ती आली 15 नोव्हेंबर 2025 ला. बनवणाऱ्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा. त्या मधल्या वर्षांत आपला खिसा उघडा राहतो, मला काळजी त्याची आहे.

टिळकवाडीकडचा एक कॉलेजचा मुलगा. कुठल्या गेमसाठी ते सोडा, पण त्यानं तो यायच्या आधीच हप्त्यावर भारी मोबाइल घेतला. गेम आला तेव्हा हप्ते संपलेले होते आणि बॅटरी फुगून डिस्प्ले वर उचलला गेला होता, कारण मधल्या काळात तो दुसरे गेम चार्जर लावूनच खेळत होता. नव्या गेमला मोबाइल किती ताकदीचा लागेल, याचा खरा आकडा गेम बाजारात येतानाच कळतो. बनवताना आधी नकाशा, बंदुका, माणसं घालतात. हलकं करण्याचं काम शेवटी. बीटात चित्रं पुरती आवळलेली नसतात, चुका शोधण्यासाठी मागं नोंदी चालू असतात, पहिल्यांदा धूर किंवा आग दिसली की ती त्याच क्षणी तयार होते आणि मोबाइल अडखळतो. त्यामुळे बीटात तापला म्हणून मोबाइल बदलू नका आणि बीटात झकास चालला म्हणूनही घेऊ नका. गेम येऊन पंधरा-वीस दिवस झाले, की तुमच्याच मॉडेलचा मोबाइल असलेल्या मित्राच्या हातात तो अर्धा तास सलग खेळून बघा. पहिली दहा मिनिटं सगळेच मोबाइल शहाणे असतात.

दुसरा प्रकार बीटाच्या कोडचा. नावनोंदणी फुकट असते. बटण दाबायचं, हवं तर आपोआप डाउनलोडची खूण करायची, संपलं. मोबाइलच्या गेमच्या बीटासाठी कुणी टेलिग्रामवर ‘फक्त 499 मध्ये कोड’ म्हणत असेल, तर तो कोड नव्हे, तुमचे 499 घेऊन चाललाय. त्याहून वाईट म्हणजे ‘गेम लीक झालाय’ म्हणून आलेली एपीके फाइल. ती टाकल्यावर ज्यांच्या मोबाइलवर भलत्याच जाहिराती आणि न पाठवलेले मेसेज दिसायला लागले, असे मोबाइल मी स्वतः फॅक्टरी रीसेट करून दिलेत. फाइल गेमची, पण परवानग्या मागते मेसेज वाचायच्या आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या. गोळ्या झाडायला तुमचे ओटीपी कशाला हवेत, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ वाचतं.

आता अपडेटच्या यादीकडं येतो, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथंच भुलतात. गेम पुरा व्हायच्या आधीचे शेवटचे महिने आले की रंगीत चित्र येतं: या तिमाहीत नवा नकाशा, पुढच्या तिमाहीत गाडी, मग कुळांची लढत, मग ‘आणखी खूप काही’. ते चित्र स्टेटसला लावलं जातं. मी ते चित्र बघतच नाही. आधीच्या दोन-तीन अपडेटखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचतो. ‘मेमरी कमी लागेल’, ‘लॉबीत अडकण्याची चूक काढली’, ‘वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आवाज खालून येत होता तो सुधारला’ असं रटाळ काही असेल तर मला धीर येतो. नवी बंदूक दिसायला सोपी. गोळी लागली की नाही, हे ठरवणारं काम अवघड. तुमच्या पडद्यावर शत्रू दिसतो तो क्षणभर आधीचा. तुमची गोळी सर्व्हरपर्यंत जाते, त्याची हालचालही तिथं पोचते, आणि निकाल सर्व्हर देतो. भिंतीआड जाऊनही आपण मेलो, असं जे वाटतं ते यामुळे. हे नीट बसवायला, चोरटी सॉफ्टवेअर लावणाऱ्यांना पकडायला आणि नवख्याला नवख्यांतच टाकायला वर्षं लागतात, आणि त्याचं चित्र काढता येत नाही. सलग तीन अपडेटमध्ये नुसतेच नवे कपडे आणि बंदुकांचे रंग येत असतील आणि पावलांचा आवाज तसाच चुकीचा असेल, तर तो गेम पुरा होण्यापेक्षा विकला जाण्याच्या तयारीत आहे असं मी धरून चालतो. माझा अंदाज नेहमी बरोबरच निघतो असं नाही, पण पैसे टाकण्याआधी मी एवढंच बघतो.

बीटात कमावलेलं बहुतेक पुसलं जातं, हेही आधीच धरून चाला. आमच्या स्क्वॉडनं एका गेमच्या बीटात पावसाळाभर रँक चढवली होती आणि एका अपडेटला सगळी शून्यावर आली. तसं होणार हे लिहूनच ठेवलेलं होतं, त्यामुळे आम्ही हसलो. शेजारच्या गल्लीतला एकजण हसला नाही, कारण त्यानं त्या बीटात बंदुकीच्या रंगांवर पैसे घातले होते. घातलेले पैसे पुढं गेमच्या नाण्यांत परत मिळणार का, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर मिळणार नाहीत असं समजा.

‘एकदा मोठी आवृत्ती घ्या, पुढचं सगळं मोफत’ या वचनाचंही तसंच. टारकोव्हची महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना पुढं गेममध्ये पडणारी सगळी भर फुकट मिळेल असं सांगितलं होतं. 2024 च्या एप्रिलमध्ये कंपनीनं 250 डॉलरची नवी आवृत्ती काढली, तिच्यात नवा खेळप्रकार घातला आणि जुन्यांना सांगितलं की ही ‘भर’ नव्हे. जगभर ओरड झाली तेव्हा कुठं माघार घेतली. द डे बिफोर हा गेम तर स्टीम या कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानावरच्या सर्वांत जास्त लोक वाट बघत असलेल्या गेमांपैकी होता. 7 डिसेंबर 2023 ला विक्रीला आला आणि चार दिवसांनी बनवणारी कंपनीच बंद झाली. लोकांना पैसे परत मिळाले, कारण त्यांनी ते स्टीममार्फत दिले होते. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर हे ध्यानात ठेवा: विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीमवर परतावा मागता येतो. कच्चा गेम घेतलात की पहिले दोन तास भराभर कामाला लावा, पात्राचे केस विंचरण्यात घालवू नका. प्ले स्टोअरवरच्या खरेदीसाठी गूगलकडं 48 तासांच्या आत अर्ज करा. नंतर बनवणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

निपाणीचे एक गृहस्थ लग्नाच्या खरेदीला आले होते, पोराचा मोबाइल घेऊन दुकानात शिरले. एरवी ते कोल्हापूर जवळ म्हणून तिकडं जातात. “भाऊ, हा गेम यातनं कायमचा काढून द्या,” म्हणाले. तंबाखूच्या वखारीतली नोकरी, आणि खात्यातून थोडे थोडे करत बरेच पैसे गेले होते. मोबाइलमध्ये खातं वडिलांचंच, पिन पोराला पाठ. 2019 साली काकतीत पबजीपायी एका घरात बापाचा जीव गेला, ते या भागातल्या आईबापांच्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यामुळे गेम म्हटलं की घरातलं बोलणंच थांबतं. मी त्यांना गेम काढू नका म्हटलं. काढला तर पोरगं मित्राच्या मोबाइलवर खेळणार आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. त्याऐवजी प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावली, दर महिन्याला आपोआप कापला जाणारा पास बंद केला आणि मुलासाठी वेगळं खातं करून खरेदीची मंजुरी बापाच्या मोबाइलवर आणली. यूपीआयचा पिन मात्र त्यांनी घरी जाऊन स्वतः बदलायचा होता, आणि तो पोराच्या जन्मसालाचा ठेवायचा नव्हता.

गेम अखेर बाजारात आला, की पहिल्या आठवड्याच्या गर्दीवरून मत बनवू नका. माणसं नसतील तर असला गेम मेलाच. महिन्याभरानं एखाद्या मंगळवारी दुपारी लॉबी भरायला किती वेळ लागतो ते बघा. झटकन भरली तरी समोरचे खिडकीत उभे राहून गोळी लागायची वाट बघत असतील, तर ते बॉट, म्हणजे गेमनंच चालवलेले खोटे खेळाडू. नव्या माणसाला सुरुवातीला बॉट देतातच, पण वरच्या रँकलाही तेच भेटत असतील तर वर्षाचा पास घेऊ नका.

शेवटचं, आणि आमच्याकडं सध्या सगळ्यात जास्त चालणारं: प्रवेश फी घेऊन गेममध्ये खासगी खोली उघडायची, दर किलला इतके रुपये, पहिल्याला इतके. गेम नवा आला की असे ग्रुप रातोरात उगवतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यानं बंदी घातली. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. ई-स्पोर्ट्सला मान्यता वेगळी, पण व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड टाकून फी गोळा करणारा अनोळखी माणूस म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. बहुतेकदा खोलीचा पासवर्ड येतच नाही आणि ग्रुप गायब होतो. तसं झालं तर चॅट डिलीट करू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर काढा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लावा. नंतर शहरातल्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जा. पोराला रागवायचं असेल तर फोन लावून झाल्यावर रागवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायला तेवढा वेळ पुरतो.