इमारतीपूर्वी जमाखर्च : सेवाभावी संस्थांचे निधिसंकलन व नियोजन

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथे कालिंका देवीचे जुने दगडी मंदिर आहे. त्यातील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा आहे. अशी मंदिरे बांधणाऱ्यांचे कौशल्य आपण वाखाणतो, परंतु त्या काळातील दानलेख वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. मंदिर वा मठ उभारणारा दाता तेवढ्यावर थांबत नसे. तेथील दिवा कोणाच्या तेलावर जळावा, पूजा करणाऱ्याने कोणत्या जमिनीवर पोट भरावे, याचीही व्यवस्था तो करून ठेवी. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा लेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला. त्या मठास काय मिळावे हे लेखात मराठीत कोरलेले असून, गावात चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल देण्याचाही त्यात उल्लेख आहे. विद्येच्या संस्थेसाठी स्थानिक उत्पन्नातून कायमचा व ठरलेला वाटा काढून ठेवण्याचे हे आठशे वर्षांपूर्वीचे उदाहरण होय.

आजच्या सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो. वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी, महिला मंडळाचे शिवणवर्ग अशा कामांसाठी गावोगावी उत्साहाने वर्गणी जमते. कोनशिला बसते, पायाभरणीच्या दिवशी मांडव पडतो, देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. दोन पावसाळे उलटले की छत गळू लागते, वीजबिल थकते, देखरेखीचा माणूस दुसरीकडे कामाला लागतो आणि दाराला कुलूप पडते. दोष लोकांच्या दानतीत नसतो. उभारणीचा खर्च एकदाच येतो व तो सर्वांना दिसतो. चालविण्याचा खर्च दरमहा येतो आणि तो कोणालाच दिसत नाही. झाडूच्या किंवा हिशेबतपासनिसाच्या शुल्काच्या नावाने पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही मागितली जात नाही.

वऱ्हाडात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. बार्शीटाकळीस लागून असलेल्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे संत गाडगे महाराजांचे आजोळ. त्यांचे बालपण तेथेच गेले. त्यांच्या कीर्तनाविषयी आणि झाडूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या कार्यपद्धतीकडे मात्र संस्थाचालकांनी अभ्यास म्हणून क्वचितच पाहिले. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथील घाटापासून पंढरपूर, नाशिक व आळंदी येथील धर्मशाळांपर्यंत अनेक कामे त्यांनी लोकांच्या पैशातून उभी केली, पण तो पैसा स्वतःजवळ ठेवला नाही. मागणारा एक, पैसा सांभाळणारे विश्वस्त दुसरे, अशी ही रचना होती. या संस्थांवर आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही याचीही त्यांनी दक्षता घेतली. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः उभे केलेले काम, ते पुढे चालवू शकेल अशा दुसऱ्या संस्थेच्या हाती वेळीच देणे, हादेखील नियोजनाचा एक भाग आहे, आणि बहुधा सर्वांत अवघड भाग आहे. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. पुढे १९५६ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतरही कामे थांबली नाहीत, यामागे ही पूर्वतयारी होती.

अमरावतीच्या तपोवनाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी १९४६ साली हे काम आरंभिले. त्या काळी कुष्ठरोग्याला भीक घालणारे पुष्कळ होते, काम देणारे कोणी नव्हते. तपोवनात शेती, विणकाम, सुतारकाम असे उद्योग सुरू झाले. त्यामुळे रुग्णाला स्वाभिमान मिळाला, आणि संस्थेला देणगी व अनुदान यांच्या जोडीला स्वतःच्या मिळकतीचा तिसरा आधार मिळाला. प्रत्येक संस्थेला हे साधेल असे नाही. शिवणवर्गाला साधेल, वाचनालयाला कठीण जाईल. तरीही उत्पन्नाचा सगळा भार एकाच खांबावर टाकू नये, हे सूत्र सर्वांनाच लागू आहे.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी चाळीस विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका काढावयाची आहे. बांधकामास बारा लाख रुपये लागतील असा अंदाज आहे. सामान्यतः बैठकीत चर्चा होते ती या बारा लाखांचीच. पण देखरेखीच्या माणसाचे मासिक मानधन सहा हजार धरले तर वर्षाचे ७२,००० रुपये होतात. विजेचे महिना दोन हजारप्रमाणे २४,०००, वृत्तपत्रे व पुस्तके यांचे २४,०००, दुरुस्ती व रंगरंगोटीचे १८,०००, लेखापरीक्षण व कागदपत्रांचे १२,००० रुपये धरावे लागतील. एकूण वार्षिक खर्च १,५०,००० रुपये. विद्यार्थ्याकडून महिना शंभर रुपये घेतल्यास ४८,००० रुपये जमतील. तूट राहते १,०२,००० रुपयांची. गावातील व गावाबाहेर गेलेल्या दोनशे कुटुंबांनी वर्षाला प्रत्येकी तीनशे रुपये दिले, तर ६०,००० रुपये भरून निघतील. उरलेल्या ४२,००० रुपयांसाठी सात टक्के व्याजाने सहा लाखांचा कायम निधी हवा. म्हणजे प्रत्यक्षात ही योजना बारा लाखांची नसून अठरा लाखांची आहे.

येथेही सावधगिरी हवी. दोनशे कुटुंबांनी शब्द दिला म्हणजे दोनशे वर्गण्या आल्या असे होत नाही. चारांपैकी तिघांनीच दिले असे धरले, तर ६०,००० ऐवजी ४५,००० रुपये येतात. आवश्यक कायम निधी मग आठ लाखांच्या पुढे जातो. शिवाय मानधन दरवर्षी वाढेल, ठेवीचे व्याज वाढेलच असे नाही. म्हणून व्याजाचा काही हिस्सा मुद्दलात परत टाकण्याची तरतूद घटनेतच केलेली बरी. एवढा निधी जमणार नसेल तर बारा लाखांची इमारत बांधूच नये. नगरपंचायतीची वा शाळेची रिकामी खोली सायंकाळपुरती मागून घ्यावी आणि अभ्यासिका प्रथम तेथे दोन वर्षे चालवून पाहावी. चालत्या कामाला देणगी मिळणे नुसत्या नकाशाला मिळण्यापेक्षा सोपे असते.

मागणी कोणत्या वेळी करावी, हा प्रश्न वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा आहे. येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळतो तो दसऱ्यानंतर. प्रथम सोयाबीन, मग कापसाचे वेचे, पुढे तूर. मृगापासून पोळ्यापर्यंत त्याचा पैसा बियाणे, खते व निंदण यांत अडकलेला असतो. त्या दिवसांत दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहणाऱ्या कार्यकर्त्याला नकार मिळाला तर त्यात नवल नाही. दिवाळी ते होळी हा येथील संकलनाचा हंगाम मानावा. ज्याला रोख देणे जड जाते त्याच्याकडून तुरीचे पायलीभर दान घ्यावे, त्याचीही पावती द्यावी. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने सुरू केलेला भाऊबीज निधी प्रसिद्ध आहे. सणाच्या दिवशी भावाने बहिणीला घालावयाची ओवाळणी संस्थेतील बहिणींसाठी मागावी ही त्यामागील कल्पना होती. रक्कम लहान, मागणीचा दिवस ठरलेला आणि कारण सर्वांना कळणारे, यांमुळे अशी वर्गणी अंगवळणी पडते. नोकरदारांची गोष्ट वेगळी. ते प्राप्तिकराच्या सवलतीसाठी मार्चअखेर देणगीचा विचार करतात. मात्र संस्थेला त्यासाठी मान्यता असावी लागते, आणि दोन हजारांवरील रोख देणगीवर ही सवलत २०१७-१८ पासून मिळत नाही. धनादेश किंवा बँकेमार्फत रक्कम घेणे दोघांच्याही हिताचे.

कायद्याच्या बाजूचा येथे थोडक्यात निर्देश पुरे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. पदाधिकारी बदलल्यास नव्वद दिवसांच्या आत तसा अहवाल तेथे द्यावा लागतो. हे राहून गेल्यामुळे पुढे बँकेचे खाते कोणाच्या सहीने चालावे असा वाद होतो आणि जमलेला पैसा तसाच पडून राहतो. विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी याच कार्यालयाची परवानगी घेतली पाहिजे. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांकडून साहाय्य घेताना त्यांचे नागरिकत्व विचारावे. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान समजली जात नाही. परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाच्या कक्षेत येते. मग तो याच मातीत वाढलेला का असेना.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी बऱ्याच आशा बाळगल्या जातात. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावयाची असते. पण कंपन्यांनी आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायद्यातच म्हटले असल्याने, जेथे मोठा कारखाना नाही तेथे हा निधी सहजी पोहोचत नाही. शिवाय तो बहुधा प्रकल्पापुरता येतो. प्रकल्प संपला की तोही संपतो. वाचनालयांसाठी १९६७ च्या अधिनियमाखाली वर्गवार शासकीय अनुदान आहे. त्याचा लाभ जरूर घ्यावा. अंदाजपत्रकात मात्र ते वर्षाच्या शेवटी येणारी रक्कम म्हणून धरावे, म्हणजे एप्रिलचे मानधन त्यावर अवलंबून राहणार नाही.

राहता राहिला प्रश्न हे सारे ठरविणार कोण याचा. अध्यक्षांनी एकट्याने आखलेली योजना अध्यक्षांबरोबर जाते. त्यापेक्षा मृग लागण्यापूर्वी, शेतकरी मोकळा असतो त्या मे महिन्यात, एक पूर्ण दिवस बैठकीसाठी राखावा. तिला शिक्षक, लोकप्रतिनिधी, ज्यांच्यासाठी काम करावयाचे ती मुले व स्त्रिया आणि गावातील एखादा चोख हिशेब ठेवणारा दुकानदार यांना बोलवावे. दुकानदाराचे नाव मुद्दाम घेतले आहे. उधारी किती वसूल होते हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही, आणि दोनशे कुटुंबांच्या आश्वासनांपैकी किती खरी मानावी हे तोच सांगू शकेल. त्या बैठकीत पुढील तीन वर्षांचा वर्षवार खर्च फळ्यावर लिहावा, प्रत्येक रकमेपुढे ती कोठून येणार व कोण आणणार त्याचे नाव लिहावे. ज्या रकमेपुढे नाव लिहिता येत नाही, ती रक्कम त्या दिवशी योजनेतून पुसून टाकावी. उरलेला फळा इतिवृत्तात उतरवून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत जेथे अभ्यासिका भरणार त्या खोलीच्या भिंतीवर लावावी.