सांडपाणी, ऊन आणि लेपाचे कापड



गटसभेत आम्हाला हल्ली एक प्रश्न येतो : "साहेब, लेप दिलेल्या कापडावरून उन्हात सोडलं की सांडपाणी शुद्ध होतं म्हणतात, खरं का?" खरं आहे, पण अर्धं.

हा लेप टिटॅनियम डायॉक्साइडचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. तिच्यावर प्रकाश पडला की पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. उन्हातील अतिनील किरणांनी या लेपावर जहाल घटक तयार होतात. ते पाण्यातील रंग, सेंद्रिय घाण व जंतू यांचा नाश करतात. लेप मात्र खर्ची पडत नाही.

पूड नुसती पाण्यात कालवली तर ती परत गाळून काढणे महागात जाते. म्हणून ती कापडावर बसवतात. पण लेप घाणीबरोबर सुती धागाही हळूहळू खातो. त्यासाठी काचतंतूचे कापड वापरतात, किंवा धागा व लेप यांमध्ये सिलिकाचा थर देतात.

आता मर्यादा ध्यानात घ्या :

१) पाण्यात ऊन शिरले पाहिजे. डिस्टिलरीच्या काळ्या स्पेंटवॉशला हे कापड पुरे पडणार नाही. आधी निवळणे, मग जिवाणूंची प्रक्रिया, आणि कापड शेवटी.

२) तेल व गाळ बसला की लेप झाकतो. कापड वेळोवेळी धुवावे लागते.

३) उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के. ढगाळ दिवशी काम मंदावते, रात्री बंद.

४) सर्वांत महत्त्वाचे : कापडाने क्षार निघत नाहीत. पाणी नितळ दिसले तरी सोडियम व क्लोराइड तसेच राहतात.

एका सभासदाच्या काळ्या रानात ओढ्याचे असेच नितळ पाणी तीन हंगाम फिरले. निचरा नव्हता. लागण विरळ उगवली, सरीच्या वरंब्यावर पांढरा थर फुटला. रान चोपण व्हायला तीन वर्षे पुरली. सुधारायला किती लागतील, हे आम्हालाही सांगता येत नाही.

म्हणून पाणी डोळ्यांनी पारखू नका. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून एक लिटर नमुना घ्या, गट नंबर लिहा आणि तपासून घ्या. विद्युत वाहकता २.२५ च्या वर असेल, तर ते पाणी निचरा नसलेल्या रानाला मुळीच देऊ नका. ०.७५ ते २.२५ असेल, तर आधी चर काढा, मगच पाणी लावा.

कापड पाण्याची घाण काढील. रानाची काळजी आपणच घ्यायची आहे.

— ऊस विकास अधिकारी